आमिश गावातलं आठ माणसांचं टेबल

गुरुवार, ९ ऑक्टोबर २००८. दसरा.
आज नोकरी गेली. साडेतीन मुहूर्तांपैकी एक आहे, हे मॅनेजरला ठाऊक असण्याचं कारण नाही. माझ्याबरोबर गिरीशचीही गेली. टेबलावरचं सामान खोक्यात भरून गाडीच्या डिकीत, स्पेअर टायरवर ठेवलं. गिरीशला बजावलं, घरी इतक्यात बोलू नकोस. मी बायकोला, नीलांबरीला, योग्य वेळ बघून सांगणार आहे. व्हिसा नोकरीला बांधलेला. दुसरी मिळाली नाही तर इथलं, ट्रॉय गावातलं बिऱ्हाड गुंडाळून परत पुणं. असली बातमी श्रीखंडाच्या वाटीवर सांगत नाहीत. खरं बोलावं, पण गोड करून बोलावं, असं आम्हाला संस्कृतच्या तासाला शिकवलं होतं. बातमी गोड होईपर्यंत थांबतो.

शुक्रवार, १०.
नेहमीप्रमाणे टाय लावून निघालो. दिवसभर पब्लिक लायब्ररीत. तिथे योजना सुचली.
उद्या नीलांबरीला इंडियानात आमिश लोकांच्या गावी न्यायचं. धर्माचा नेम म्हणून घरात वीज नाही, दारात मोटार नाही, तरी माणसं तृप्त. अपरिग्रह डोळ्यांनी पाहिला की ती आपणच म्हणेल, अहो, माणसाला लागतं किती? त्या क्षणी मी हळूच सांगेन. यात मानसशास्त्र आहे.
विचारलं. लगेच तयार झाली. म्हणाली, तुम्ही आपण होऊन कुठे नेताय, म्हणजे काहीतरी असणार. हिला कौतुकसुद्धा टोमण्यातूनच करायची सवय.

शनिवार, ११. सकाळ, रेस्ट एरिया.
ती कॉफी आणायला गेली आहे. हायवेवर सांगणार होतो. ट्रक फार होते.

शनिवार दुपार. फर्निचरच्या दुकानाबाहेर, गाडीत.
गावाच्या अलीकडे एक काळी बग्गी पुढे लागली. रस्त्याला दुहेरी पिवळी रेघ, ओव्हरटेक नाही. घोडा त्याच्या गतीने, मागे आम्ही. रेडिओ बंद, कारण शांतता अनुभवायची असं मीच म्हणालो होतो. ती म्हणाली, ऑफिसात कसं चाललंय? म्हटलं, चाललंय. म्हणाली, सगळीकडे लेऑफ आहेत म्हणे. म्हटलं, घोडा बघ किती ऐटबाज आहे. म्हणाली, मघापासून तेच बघतेय. शब्द अगदी ओठांवर आला होता, इतक्यात बग्गी शेताकडे वळली आणि मला ॲक्सिलरेटर दाबावा लागला.
मग बॉन्ट्रेगर नावाच्या सुताराचं दुकान. लांब दाढी, मिशी सफाचट. दिवे नाहीत, छतातल्या काचेतून उजेड. नीलांबरीने आधी गणपतीसाठी चौरंग हवा म्हणून हातांनी माप दाखवलं. म्हटलं, घे. चौरंग बॅगेत मावतो. मग तिने झुलती खुर्ची काढली. माझ्याकडे बघत म्हणाली, घेऊ ना? नको असेल तर सांगा, काही कारण असेल तर तेही सांगा. म्हटलं, तुझ्या आवडीपुढे कारण कसलं?
मग आठ माणसांचं ओकचं टेबल. खुर्च्यांसकट. आमच्या घरात माणसं दोन.
किंमत ऐकून मानेवर घाम आला, पण डोकं शांत होतं. सोमवारी फोन करून कॅन्सल करायचं. आजवर जिम, केबल, दोन क्रेडिट कार्डं अशीच सोडली आहेत. तोवर तिच्या आनंदावर विरजण कशाला? बाकी अपरिग्रहाचा विषय मनातच ठेवला.
कार्ड पुढे केलं. बॉन्ट्रेगर म्हणाला, कार्ड घेत नाही, ॲडव्हान्सही नको. जानेवारीत ट्रक भाड्याने करून घरपोच देऊ, तेव्हा पैसे द्या. याच पत्त्यावर असाल ना? नीलांबरी टेबलाकडे नाही, माझ्याकडे बघत होती. मी हो म्हटलं. एवढं पुरे म्हणाला आणि हात पुढे केला. त्याचा हात पाटासारखा कोरडा. माझा ओला.
सहज म्हणून फोन नंबर मागितला. फोन नाही. दुकानातही नाही, घरीही नाही. काही असेल तर येऊन सांगा, म्हणाला. उद्या रविवार, उद्या काम करत नाही. सोमवारी लाकूड कापायला घेईन.
गाडीत येऊन बसलो आहे. ती आत लाकडाचा रंग ठरवते आहे. मार्ग निघेल. परतताना वाटेतलं ॲन आर्बर गाव यायच्या आत सांगणार म्हणजे सांगणार.

शनिवार संध्याकाळ. घरी.
ॲन आर्बरला फुटबॉलच्या सामन्याची गर्दी होती. गर्दीत चालकाने चित्त विचलित होऊ देऊ नये.

रविवार, १२. दुपार.
चहा गाळता गाळता नीलांबरी म्हणाली, मला वाटलं होतं चौरंगालाच थांबवाल. नाही थांबवलंत. मग खुर्ची काढली. मग म्हटलं, आठ माणसांचं टेबल सांगते, आता तरी हा माणूस तोंड उघडेल. अजून काय मागवायला हवं होतं, कपाट?
गिरीशने गुरुवारी घरात पाऊल टाकल्या टाकल्या बायकोला, रेखाला, सांगितलं होतं. रेखाने हिला फोन केला. ती दोघं म्हणे रडली, मग पिझ्झा मागवून जेवली.
म्हटलं, मी योग्य वेळ बघत होतो. म्हणाली, मी पण. गुरुवारपासून तुमच्या तोंडाकडेच बघतेय. आवाज चढवला नाही, हे जास्त कठीण गेलं. पुण्याला जावं लागलं तर जाऊ, म्हणाली, मला पुण्याची भीती नाही. बाजूला बसलेला माणूस घोडा दाखवतो, त्याची वाटते.
मी कप खाली ठेवला. म्हटलं, बस, आता पहिल्यापासून सगळं नीट सांगतो.
म्हणाली, मला काय सांगताय, मला ठाऊक आहे. ज्याला ठाऊक नाही त्याला सांगून या. तो तुमच्या शब्दावर ओक कापायला घेणार आहे.
म्हटलं, अगं पण तीन तास जायला, तीन तास यायला, आणि उद्या सोमवार.
म्हणाली, मग? उद्या तुम्हाला ऑफिस कुठे आहे?