गच्चीवरील हवेच्या यंत्राभोवतीचा पाण्याचा फवारा बंद करणेबाबत

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
हवा तपासणी विभाग,
नगर कार्यालय.

विषय: माझ्या गच्चीवरील हवा मोजण्याच्या यंत्राभोवती रोज होणारा पाण्याचा मारा येत्या सोमवारपूर्वी थांबविणेबाबत.

संदर्भ: माझ्या पहिल्या तक्रारीस आपण दिलेले "चिंतेचे कारण नाही" हे उत्तर.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्ज करतो की, माझे चष्म्याचे दुकान असून त्यावर राहते घर व त्यावर गच्ची आहे. गेल्या हिवाळ्यात आपण यंत्रासाठी जागा मागितलीत, तेव्हा मी का-कू करीत होतो. पत्नीने मला गप्प बसविले. तिला दमा आहे. घरामागच्या मोकळ्या जागेत आपलेच सफाई खाते पालापाचोळा व कचरा पेटविते, त्या धुराने तिला धड आडवे पडता येत नसे. "एकदा आकडा दिसला की जाळणं बंद होईल. यंत्राला कुणाची भीडभाड नसते," असे म्हणून तिने आपल्या कुंड्या स्वतः उचलून कोपरा रिकामा केला.

आकडा दिसला. तो इतका वाईट होता की आपल्या कार्यालयाने तातडीने पावले उचलली, हे मान्य करणे भाग आहे. कचरा जाळणे चालूच राहिले. यंत्राभोवती मात्र फवारा सुरू झाला. रोज सकाळी एक पाइपवाला येतो आणि यंत्राच्या चारी बाजूंनी पाणी उडवीत बसतो. मी हटकले तेव्हा म्हणाला, "काका, माझ्यावर कशाला चिडता? आकडा खाली आला नाही तर बोलणी मलाच बसतात." त्याच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. तोही खोकतच असतो.

माझ्या तक्रारीवर आपण कळविलेत की, शहरातील हवेतल्या सूक्ष्म कणांत जो सेंद्रिय कार्बन असतो, त्याचा मोठा भाग पाण्यात विरघळणारा असल्याने फवाऱ्याने तो "निघून जातो"; सबब चिंता नसावी. महोदय, निघून जातो म्हणजे कुठे जातो, हे आपल्या विभागात एकालाही विचारावेसे वाटले नाही काय? तो माझ्या घरात येतो. गच्चीत पाणी मुरून छत गळू लागले आहे आणि गळती नेमकी पत्नीच्या पलंगावर आहे. उशीच्या जागी मी पातेले ठेवले आहे. त्यात कोऱ्या चहाच्या रंगाचे पाणी साठते व त्याला जळक्या पानांचा वास येतो. आपले निरीक्षक नाकाला रुमाल लावून पाहून गेले आणि "हा गळतीचा विषय, बांधकाम विभागाकडे जा" म्हणाले. बांधकाम विभाग म्हणतो, पाणी हवा विभागाचे आहे. शिवाय जे पाण्यात विरघळते ते श्वासाबरोबर छातीत गेल्यावर काय करते? माणसाची छाती आतून कोरडी असते, अशी आपली समजूत आहे काय? हे लिहिताना माझ्या तळपायाची आग मस्तकात जात आहे. अर्जात हे कोणत्या शब्दांत लिहितात, मला ठाऊक नाही.

तरीही मी एखादे वेळी छत दुरुस्त करून गप्प बसलो असतो. परंतु डॉक्टरांच्या सल्ल्याने पत्नी तिच्या धाकट्या बहिणीकडे, परगावी राहत आहे. तिथे ती मधे न थांबता जिना चढते. आपल्या यंत्राचा आकडा तिला मोबाइलवर दिसतो. हल्ली त्याखाली हिरव्या अक्षरांत "उत्तम" असे येते. परवा फोनवर म्हणाली, "अहो, जिंकलो की आपण! जाळणं थांबलं ना शेवटी? सोमवारचं तिकीट काढलंय, मी येते घरी." मी फवारा, पातेले, सगळे खरेखरे सांगितले. ती हसली. म्हणाली, "मी इथं आरामात राहावं म्हणून तुम्ही काहीही सांगाल. मी कुंड्या उगाच नाही हलवल्या. माझा यंत्रावर विश्वास आहे." उभ्या संसारात मी तिच्याशी खोटे बोललो नाही, आणि आपल्या पाइपाने मला खोटे पाडले.

सबब विनंती की, फवारा आजच बंद करावा, म्हणजे निघण्यापूर्वी तिला खरा आकडा दिसेल. ते जमत नसल्यास माझ्या पत्नीची यंत्र म्हणून नोंद करावी. निदान ती बिघडली तर आपले कार्यालय धावत येईल. तेही नियमात बसत नसल्यास आपण स्वतःच्या हस्ताक्षरात तिला एकच ओळ लिहावी: "ताई, हवा चांगली आहे, खुशाल घरी या." खाली आपले पूर्ण नाव, सही व शिक्का असावा. सही करताना हात अडखळला, तर त्याच हाताने नळ बंद करावा.

आपला, अजून तरी नम्र,
(सही)
चष्मेवाला,
यंत्राखालच्या घरात राहणारा.

दिनांक: गुरुवार, सकाळी, फवारा चालू असताना.

सोबत:
१. पातेल्यातील पाणी, एक बाटली.
२. पत्नीचा सध्याचा पत्ता घातलेला, तिकीट लावलेला लिफाफा. आत कागद कोरा आहे.