भिंतीचा दाखला

३ नोव्हें. २००१
ठेकेदार नोंदणीसाठी रत्नागिरीला पुन्हा खेप. कचेरीतल्या साहेबांनी मस्कतचे सगळे कागद बघितले. आठ वर्षं, गोदामं, पूल, फोरमन म्हणून पत्र. म्हणाले, "अन्वर, तिकडचं काम मी इथं बसून कसं तपासू? इथल्या ठेकेदाराचा दाखला आण. काम स्वतंत्रपणे सांभाळलं, असं हवं त्यात."
म्हणजे परत कुणाच्या तरी हाताखाली. घरी बायको, झुबेदा, एवढंच म्हणाली, "काहीही करा, मस्कत नको आता."
नकोच.

१९ नोव्हें.
भाटकर शेठकडे लागलो. सुपरवायझर. पावस गावाच्या अलीकडे रस्त्यावर दरड येते, तिथं संरक्षक भिंत घालायची आहे. शेठ म्हणाले, "ही पुरी कर, दाखला माझ्याकडून." गवंडी गणू मिस्त्री, संगमेश्वरकडचा, माझ्याच वयाचा. जेवताना न विचारता सुकटीचा डबा पुढे केला.

२२ जाने. २००२
काम बरं चाललंय. गणूचा हात साफ. आज म्हणाला, "अन्वरभाई, ठेकेदार म्हणून तुमचा नाव लागला की पयला गवंडी मना घ्या." म्हटलं, तुला सोडून कोणाला घेणार. दोघांनी मिळून कुठली कुठली कामं घ्यायची ते बोलत बसलो. घरं, विहिरी, आंजर्ल्याकडे कोणाचं तरी मंगल कार्यालय...

१४ मार्च
शेठ आले. भिंतीमागे दगडाची भर घालायची, पाणी निघायला पाइप ठेवायचे, असं नकाशात आहे. शेठ म्हणाले, "वेळ नाही. माती लोटा मागे."
मी म्हटलं, मग डोंगराचं पाणी जाणार कुठून?
"मस्कतला पाऊस बघितलायस का कधी?" माणसं हसली. गणू हसला नाही.
मागे मातीच लोटली, पाइप थोडेच बसवले. मी फार ताणलं नाही. ताणलं असतं तर उद्यापासून दुसरा सुपरवायझर.

२ मे
भिंत पुरी. शेठना दाखल्याचं विचारलं. "पाऊस एक काढू दे तिला."

२६ जून
चार दिवस धार थांबलेली नाही. जाऊन बघितलं. मधल्या भागात भिंतीला पोट आलंय, पाइपातून थेंब नाही. बूथवरून शेठना फोन. म्हणाले, गणूला घेऊन टेकू लाव. मी म्हटलं, आधी रस्ता बंद करायला सांगा, या पावसात खाली माणूस उभा करायचा नाही.
"रस्ता बंद केलास तर वरपर्यंत बोंब जाईल. उद्या सकाळी लाव."
गणूला निरोप मीच दिला. पण सांगितलं, मी येईपर्यंत भिंतीजवळ जाऊ नको.

२७ जून
गणू गेला.
मी टेम्पोत वासे भरत होतो. शेठ माझ्याआधी पोचले, त्यांनी त्याला टेकूसाठी भिंतीखाली खड्डे मारायला लावलं, असं बाकीचे सांगतात. मी पोचलो तेव्हा रस्ता नव्हताच, नुसता चिखल आणि चिरे. हातांनी उपसत होतो सगळे. दुपारनंतर सापडला.

२९ जून
त्याच्या गावी जाऊन आलो. बायको सुमन. काही बोलली नाही.  

११ जुलै
शेठ स्वतः घरी आले. पहिल्यांदाच. चहा घेतला, दाखला दिला. शिक्का, सही, सगळं. 'सदर भिंतीचे संपूर्ण बांधकाम अन्वर यांनी स्वतंत्रपणे व स्वतःच्या जबाबदारीवर केले.' तारीख मे महिन्याची, भिंत पडायच्या आधीची.
"तुला हवा होता तसाच आहे," म्हणाले.
ते गेल्यावर झुबेदाने विचारलं, "आता नोंदणी होईल?"
म्हटलं, होईल. पण भिंतीची सरकारी चौकशी लागलीय, तिथेही शेठ हाच पुढे करतील.
तिने कप उचलले आणि आत गेली.

१२ जुलै
शेठना म्हटलं, हा दाखला मी घेणार नाही. ते म्हणाले, "नको असेल तर दुसरा मिळणार नाही. माझ्याकडूनच काय, रत्नागिरीत कोणाकडूनही. आणि भिंतीवर रोज कोण उभं होतं, ते गावाने बघितलंय." आवाज चढवला नाही. बघितलंय, हे खरंच आहे.

१८ जुलै
सुमनवहिनींकडे परत गेलो. या वेळी बोलल्या. "त्यांना भिंतीखाली जायला कोणी सांगितलान?"
शेठनी. पण निरोप देऊन बोलावलं मी.
वहिनी म्हणाल्या, "चौकशीत ह्या असाच सांगाल?"
मी म्हटलं, सांगितलं तर दाखलाही जाईल आणि कदाचित मीही आत जाईन.
"मी ता नाय इचारला," म्हणाल्या.

२१ जुलै
उद्या चौकशी. झुबेदा म्हणते, तुम्हाला काय वाटतं ते करा, पण घरी येऊन मला खरं सांगा. दाखला कपाटात आहे. फाडलेला नाही.
संध्याकाळी शेठचा माणूस त्यांचा निरोप घेऊन आला. सकाळी गाडी पाठवतो, बरोबरच जाऊ, काय बोलायचं ते वाटेत ठरवू.
वाटेत ठरवायचं काही नाही, एसटीने येतो म्हणून सांगितलं.