औषधाची दृष्ट

॥ श्री ॥

केदारखेडा,
वैशाख शुद्ध पंचमी, शके १८६०

सेवेशी,

चतुराचा साष्टांग नमस्कार. इकडे माणसं खुशाल, बैल खुशाल आणि माझं औषधही खुशाल. तुमचं पत्र विमानाच्या टपालानं आलं. पत्र उडत जातं-येतं आणि लिहिणारीनं मात्र आगबोटीनं यायचं, हा कुठला न्याय ते मोंबाशाच्या तुमच्या रेल्वेच्या साहेबाला विचारून ठेवा.

आगबोटीचं तिकीट पोचलं. बद्रीभाऊजींनी ते वाचून दाखवलं, आत्याबाईंनी देवापुढे ठेवलं. आता गावात कोणी विचारलं की सून नवऱ्याकडे कधी निघणार, तर ह्या तुमच्या आई तारीख सांगतच नाहीत, बोट केवढी मोठी ते सांगतात. दर वेळी ती थोडी वाढते. परवा ती आपल्या गावच्या पांढरीएवढी झाली होती.

तुम्ही विचारलंत की औषध इतक्या लांब गार कसं राहणार. तेच सांगायला बसले आहे. तुम्ही गेलात त्यानंतर मला हा मधुमेह जडला, तुम्ही तो फक्त पत्रांतून पाहिला, म्हणून बैजवार सांगते. घरी काही अवघड नाही. रांजणाखाली पूर्णेची वाळू, ती सदा ओली. त्या वाळूत मडकं, मडक्यात इन्शुलिनच्या बाटल्या. रोज सकाळी तिथून बाटली काढायची, टोचून घ्यायचं, परत ठेवायची. पण रांजण काही आगबोटीवर नेता येत नाही.

तेव्हा तुमचे दोस्त अजमतभाई धावून आले. भोकरदनच्या शाळेत तुमच्या शेजारी बसत ते आता जालन्याला बर्फाच्या कारखान्यात आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्यांनी पेटी करून दिली. बाहेरून सागवान, आतून जस्ताचा पत्रा, दोन्हींच्या मध्ये लाकडाचा भुसा ठासून भरलेला. तळाला बर्फ, वर फळी, फळीवर पितळी डबा, डब्यात घोंगडीच्या तुकड्यात बाटल्या. पेटी देताना त्यांनी एकच गोष्ट बजावली. "भाभी, बर्फ दवा के बाजू में रहना, दवा को लगना नई." जालन्याचे डॉक्टरही तेच म्हणाले, औषध गार हवं पण गोठता कामा नये, गोठलं की गेलं. वैशाखात गोठण्याची भीती घालणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

मनमाडला स्टेशनवर बर्फ मिळतो, मुंबईत मिळतो. आगबोटीवर भटारखान्याजवळ बर्फाची खोली असते, कारकुनाला सांगून पेटी तिथे ठेवायची. त्या खोलीत मांस टांगलेलं असतं असं भाऊजी बोलून गेले, तेव्हापासून आत्याबाई काळजीत आहेत. मी म्हटलं, औषध बाटलीत आहे, त्याला वास लागत नाही. त्यांना पटलेलं नाही.

पेटीला सारं गाव पाहून गेलं. बाया येतात, झाकण उघडायला लावतात, आत हात घालतात आणि बाई बाई म्हणतात. जाफराबादहून तुमची मावशी केवळ यासाठी आली. राणीचा दागिना पाहावा तशी माझी बाटली पाहिली सगळ्यांनी. आत्याबाई आणि भाऊजी मला मुंबईपर्यंत पोचवायला येणार आहेत.

मी पूर्वीपेक्षा बारीक झाले आहे. बंदरावर ओळखाल ना? तुम्ही मला पाटीवर अक्षरं शिकवलीत ती पत्र लिहिता यावं म्हणून. ती पुरली इतके दिवस. पण शेजारी बसून काही न बोलणं पत्रात लिहिता येत नाही, आणि मला आता तेच हवं आहे.

येणारी,
चतुरा


मुंबई,
वैशाख वद्य द्वादशी

सेवेशी,

साष्टांग नमस्कार. हे पत्र विमानाच्या टपालानं पाठवत आहे, ते तुम्ही बंदरावर जाण्याच्या आधी हाती पडावं म्हणून. आगबोट गेली. मी तिच्यात नाही.

औषध वाटेत बिघडलं. उन्हाळा आहे, लांबचा प्रवास आहे, बिघडायचं ते बिघडलं. माझीही तब्येत जराशी उतरली होती, आता बरी आहे. इथल्या डॉक्टरांनी नवीन बाटल्या दिल्या, पण थोड्याच. आगबोटीवर पुरतील एवढ्या त्यांच्याजवळ नव्हत्या, आणि तेवढ्यावर समुद्रात जाऊ नका असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आता पावसाळ्याचा समुद्र खवळेल, म्हणून आम्ही गावी परतत आहोत.

तुमच्यासाठी केलेल्या शेवयांचा डबा भाऊजींनी त्याच बोटीनं निघालेल्या एका बाईंजवळ दिला आहे. त्या पोरबंदरच्या, नवरा तिकडे दुकान करतो. डबा तुम्हाला बंदरावरच मिळेल. उतरताना हिरवं लुगडं नेसेन असं त्यांनी सांगितलं आहे, ते पाहा म्हणजे सापडतील.

समुद्र मी पाहिला. भाऊजी दाखवायला घेऊन गेले. आपल्या रानाला शेवटी बांध तरी असतो, याला काहीच नाही. मी थोडा वेळ उभी राहिले आणि म्हटलं, चला.

आत्याबाई फारशा बोलत नाहीत. प्रवासाचा शीण असेल. तुम्ही कोणावर रागावू नका. कोणाचा दोष नाही.

तुमची,
चतुरा


॥ श्री ॥

केदारखेडा,
नागपंचमीचा दुसरा दिवस

सेवेशी,

चतुराचा साष्टांग नमस्कार. पत्र पोचलं. तुम्ही लिहिता, दिवाळीनंतरच्या बोटीचं तिकीट पुन्हा काढतो. त्यावर पुढे लिहिते. आधी दुसरं. तुम्ही लिहिता, अजमतला चांगलं खडसावलं आहे, पेटी नीट केली असती तर ही पाळी आली नसती, लहानपणापासून त्याचं काम असंच अर्धवट. हे तुम्ही त्यांना उर्दूत कळवलंत, हेही तुमच्याच पत्रावरून मला कळलं. ते मागच्या बाजारी आले होते, ओट्यावर बसले, माझी तब्येत विचारली, चहा घेतला आणि गेले. तुमच्या पत्राबद्दल चकार शब्द काढला नाही.

कोणाचा दोष नाही असं मी लिहिलं, आणि तुम्ही दोष द्यायला माणूस शोधलात. म्हणून आता जे लिहायचं नव्हतं ते लिहिते. वाचून झालं की आधी पाणी प्या आणि मग काय वाटायचं ते वाटू द्या.

जालन्याला गाडीत बसलो तेव्हा डबा माणसांनी भरलेला. पेटी बाकाखाली जाईना म्हणून पायाशी ठेवली. आत काय आहे, हा प्रश्न ज्याच्या त्याच्या तोंडी, आणि भाऊजींना सांगायची हौस. झाकण उघडायचं, दाखवायचं, लावायचं. औरंगाबादला नवी माणसं चढली, पुन्हा तेच. मला डोळा लागला होता. मी जागी झाले तेव्हा आत्याबाई पेटीवर वाकलेल्या होत्या आणि पदराखाली हात होता. मला वाटलं, बर्फ उरला का ते पाहताहेत. मनमाडला भाऊजी नवा बर्फ भरून आले, तेव्हाही त्या पेटीपाशीच होत्या.

मुंबईत पहिल्या दिवशी मी टोचून घेतलं. बाटली हातात फार गार लागली, औषधात बारीक कण दिसले, मी म्हटलं हलून हलून झाले असतील. दुसऱ्या दिवशीही घेतलं. तहान भागेना. पाणी पिऊन पोट तुडुंब, तरी घसा कोरडा. बोट निघायच्या सकाळी मी लुगडं नेसले, कुंकू लावलं, आणि त्यानंतरचं मला आठवत नाही. ‘तब्येत जराशी उतरली’ असं जे लिहिलं ते हेच. शुद्धीवर आले तेव्हा दवाखान्यात होते आणि तुमची बोट केव्हाच गेली होती.

डॉक्टरांनी पेटी मागवली होती. त्यांनी झाकण उघडलं, तळाचं पाणी बोटानं जिभेला लावलं आणि विचारलं, यात मीठ कोणी घातलं? भाऊजी माझ्याकडे पाहायला लागले, मी भाऊजींकडे. आत्याबाई खाटेच्या पायथ्याशी खाली बसल्या होत्या. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "म्या टाकलं."

डॉक्टरांनी कारण विचारलं. ते आत्याबाईंनी कोर्टात उभं राहिल्यासारखं सांगितलं, ते तसंच्या तसं लिहिते.

"औषधाची दिष्ट काढली म्या. हिची न्हाई, औषधाची. समदं गाव त्याला पाहून गेल्तं, गाडीत बी ज्यानं त्यानं पाह्यलं. उतरलेलं मीठ इस्तवात टाकाव लागतं, न्हाई त पाण्यात. गाडीत चूल कुठली? मंग म्या बर्फातच टाकलं. मीठ इरघळंल तशी दिष्ट इरघळंल म्हनलं."

मनमाडलाही उतरवलं होतं, मूठ मूठ भरून. मीठ पडलं की बर्फाची थंडी वाढते म्हणे, शेजारचं पाणीसुद्धा त्यानं गोठतं. डब्यातलं औषध रात्रभरात गोठलं आणि मुंबईत पोचेतो परत पातळ झालं. डॉक्टरांनी हे समजावलं, तेव्हा आत्याबाईंनी एवढंच विचारलं, "म्हंजी म्याच मारत होते हिला?"

परत येताना जालन्याला भाऊजींनी पेटी अजमतभाईंकडे टाकली. त्यांनी आतल्या पत्र्यावरून बोट फिरवलं, पांढरा थर पाहिला आणि म्हणाले, "कुल्फी ऐसेच जमती, भाभी." झाकण लावलं. त्यांना सगळं कळलं होतं. तरी तुमचं पत्र त्यांनी गिळलं. काल त्यांना मुद्दाम बोलावून घेतलं आणि विचारलं की तुम्ही खरं का कळवलं नाही. तर म्हणाले, "अम्मा का नाम लिखूं क्या उसमें?" आता तुम्ही त्यांना काय लिहायचं ते मी सांगायला नको. मात्र उशीर करू नका.

आणि आत्याबाईंना या सगळ्याबद्दल एक अक्षरही लिहू नका. समजूतसुद्धा घालू नका, तुम्हाला ती घालता येत नाही. तुम्ही दर पत्रात विचारता, माय कशी आहे. सांगते. मुंबईहून आल्यापासून त्या अळणी जेवतात. आधी माझ्या ध्यानात आलं नाही. मग पाहिलं, त्या कालवणात मीठ पडायच्या आधी स्वतःपुरतं काढून ठेवतात. ठेचासुद्धा बिनमिठाचा. मी ताट अडवलं तर म्हणाल्या, तुझी नि त्याची गाठ पडंस्तवर न्हाई. खाली मान घालून भाकरी गिळतात, आणि मी समोर बसून मीठ घातलेलं खाते. काल सणाच्या दिवशी तर मी अर्ध्या ताटावरून उठले.

आता तिकिटाचं. काढू नका. मी येणार नाही.

मला भीती वाटते, हे सरळ लिहिते. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर मला मरणाची भीती नाही वाटली. वाटलं ते हे, की तुम्ही बंदरावर उभे आहात, सगळी माणसं उतरली, आणि हिरव्या लुगड्यातल्या परक्या बाईनं तुमच्या हातात शेवयांचा डबा दिला. माझ्याऐवजी. ते चित्र अजून जात नाही. भर समुद्रात बर्फाची खोली बंद पडली तर मला कोणत्या बंदरावर उतरवतील, हेही मी विचारून पाहिलं आहे.

तुमची रजा साठली आहे. मागे एकदा तुम्हीच लिहिलं होतं, आणि पुढच्याच ओळीत लिहिलं होतं की त्यापेक्षा तूच ये. मी तेव्हा का म्हणून विचारलं नाही. आजारी बायको पत्रातून बरी वाटते, समोर दिसली की सुई दिसते, बारीक झालेले हात दिसतात. तुम्हाला त्याचं भय असेल तर मला राग नाही. मलाही पहिल्या दिवशी सुई पाहून घेरी आली होती. चार दिवसांत सवय होते. आणि इतकी वर्षं मी कधी ‘या’ म्हटलं नाही, कारण बाईमाणसानं बोलवायचं नसतं म्हणे. तुम्ही शिकवलेल्या अक्षरांत आज लिहिते, या.

मला तिकडे यायचं तर बर्फ लागतो, पेटी लागते, साऱ्या गावाची नजर चुकवावी लागते. तुम्हाला इकडे यायला यातलं काहीच लागत नाही. औषध इथे वाळूत बरं राहतं, मीही राहते. नंतर परत जाताना मला न्यायचं की नाही ते दोघं मिळून ठरवू, समोरासमोर बसून.

आल्यावर काही बोलू नका. हात-पाय धुवा, आईच्या शेजारी पाटावर बसा. वाढायला मी असेनच. फक्त त्यांच्या पानातलं मीठ तेवढं तुमच्या हातानं वाढा.

इथेच असलेली,
चतुरा