पाळीवरची बेशरम

बाबा, आपल्या तलावाच्या पाळीवर बेशरमची पहिली कांडी तूच रोवली होतीस. ढोरं पाळ तुडवतात म्हणून या झुडपाचं कुंपण करायला वैनगंगेच्या काठावरून भारा आणलास, आणि मी फ्रॉकच्या ओच्यात कांड्या घेऊन तुझ्यामागे चालत होते. पुढे ती पाळीवरून पाण्यात उतरली. पाण्यातलं गवत गेलं, गवतात अंडी घालणारी मासोळी गेली. तरी तू शेवटपर्यंत सगळ्यांना सांगत राहिलास, पुरासोबत आली. मला खरं माहीत होतं आणि मी गप्प बसले, याचा मला अजून राग येतो.

एकदा तुझं जाळं वाळत घालायचं सोडून मी ते पाण्यात फेकून पाहिलं, तर तू हिसकावून घेतलंस. "पोरीनं जाळ्याले हात नाई लावाचा. टोपली उचल, बाजारात जाय." उचलली टोपली. पण पुढे तिच्यात टाकायलाच काही उरलं नाही. तू गेल्यावर आम्ही ढिवरांच्या बायका दरवर्षी लेकरं घरी टाकून तेलंगणात मिरची तोडायला जायचो. संध्याकाळी हाताची अशी आग व्हायची की भात कालवता येत नसे.

मग मासेमारांच्या सोसायटीत विषारी औषध फवारून बेशरम मारायचं ठरू लागलं. मी उभी राहिले. म्हटलं, पाण्यात विष नको, आम्ही बायका उपटतो. अध्यक्ष हसला. "बाई, तुमचं काम मासोळी इकाचं. पाण्यातलं आमी पाहून घेऊ."

"मंग इकाले मासोळी आणून द्या, भाऊ," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कासोटा घालून आम्ही कमरेइतक्या पाण्यात उतरलो. बेशरमच्या चिकानं अंग खाजतंय, मुळं चिखल सोडत नाहीत, आणि पाळीवर पुरुष तमाशा बघत उभे आहेत. दोन उन्हाळे आम्ही उपटत राहिलो. शेजारच्या तलावातून गवत आणून चिखलात लावलं. कुंपणाला फुकट कांड्या नेणारे अजून कुरकुरतात, कुरकुरू देत. यंदा मरळ परत आली. यंदा आमच्यातली एकही मिरचीला गेली नाही, आणि माझी लेक पहिल्यांदाच अख्खा हिवाळा माझ्याजवळ राहिली. जाळं मी फेकते, बाबा. तुझंच जाळं. आता घे हिसकावून.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून एक गोष्ट लिहिते. पहिल्या उन्हाळ्यात उपटलेली बेशरम पाळीवरच टाकून द्या, असं मीच सांगितलं होतं. वाळवून जाळायला हवी होती. पावसात प्रत्येक कांडी जगली आणि पुन्हा पाण्यात उतरली. दुसऱ्या वर्षी सगळ्यांना तेच काम नव्यानं करावं लागलं. बायकांनी विचारलं, एवढी उपटली, मग पुन्हा कुठून आली? मी त्यांच्या डोळ्यांत बघून सांगितलं, पुरासोबत आली.