नवल आर्चबिशप झाला

सेमिनरी, बंगळूर
ता. ९ फेब्रुवारी १९२०

ती. दादांचे चरणी नवलचा सा. न. वि. वि.

येत्या एप्रिलात माझी दीक्षा होऊन मी पाद्री होणार. आबांनी इंग्रजी शिकायला नाशिकला पाठवले, तिथे फादरांना महारोग्यांच्या जखमा धुताना पाहून मी ख्रिस्ती झालो. आबांचा राग मी जाणतो. तरी एकदा घरी येऊन आई-आबांच्या पाया पडावेसे वाटते. विचारून पाहाल का? वहिनींना सांगा, इथल्या भाताने मी गोल झालो आहे.

माया आहे तशीच राहू द्यावी.
आपला नवल

।। श्री ।।
प्रकाशा, ता. २ मार्च १९२०

चि. नवल यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र आबांना वाचून दाखवले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले आणि उठताना एवढेच म्हणाले की, “त्याले सांग, हाई घर त्यानासाठे बंद शे.” आई चुलीपाशीच बसून होती. नंतर तिने विचारायला सांगितले, तू पोटभर जेवतोस ना? मी शाळामास्तर, पण आबांपुढे तोंड उघडले नाही. त्याची लाज वाटते. पत्रे शाळेच्या पत्त्यावर घालीत जा.

तुझ्या पत्राची वाट पाहणारा,
चुडामण

धर्मशाळा, प्रकाशा
ता. ११ जून १९३२

ती. दादांस सा. न. वि. वि.

आपण धुळ्याला गेला आहात, तर इतक्यात परत येऊ नये. गावात पटकीची साथ आहे. कळताच मी धडगावच्या मिशनातून उतरून आलो. घर मला बंद, म्हणून तापीकाठच्या धर्मशाळेत राहिलो. शहाद्याचे कंपाउंडर मुनव्वरभाई आणि मी मिळून तेवीस जणांना सांभाळतो आहोत. चौथ्या दिवशी आबांनी आईला बाजेवर घालून इथेच आणले. माझ्याकडे पाहिले नाही, पण तिला माझ्यापुढे ठेवले. दोन दिवस चमच्याचमच्याने पाणी पाजले. आज सकाळी तिने भाकरी मागितली. तेव्हा आबा म्हणाले, “घर चाल. जेवी ले.” शेवटचा रोगी घरी जाईपर्यंत हलणार नाही म्हणालो, तर तेच भाकरी बांधून आले आणि रोग्यांना वारा घालत बसले.

काळजी नसावी, लोभ असावा.
आपला नवल

।। श्री ।।
प्रकाशा, ता. ३ नोव्हेंबर १९४७

चि. नवल यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

डोंगरपाड्यांत पायी हिंडून शाळा काढणारा, मग नऊ वर्षे बिशप, आता आर्चबिशप. गावात पेढे वाटले. माझा पाय मोडला आहे, म्हणून आमचा थोरला गिरधर आई-आबांना घेऊन सोहळ्याला येतो. आबांनी नवा फेटा घेतला आहे. ते बोलू लागले तर अडवू नकोस.

तुला मनोमन मिठी मारणारा,
दादा

आर्चबिशप हाऊस
ता. १५ डिसेंबर १९४७

ती. दादांस सा. न. वि. वि.

सोहळा उत्तम झाला. सत्काराच्या सभेत मोठमोठ्यांची इंग्रजी भाषणे झाल्यावर आबा न बोलावता उभे राहिले. म्हणाले, “मी बारा वरीस याले घरमा येऊ दिधं नही. चूक मन्ही व्हती. हाऊ मन्हा पोऱ्या शे.” आपल्या घरच्यांखेरीज अहिराणी कुणालाच कळेना, म्हणून इंग्रजीत दोन वाक्यांत मीच सांगितले. आबांनी बोटांवर मोजले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “मी तीन गोष्टी बोलनू, तू दोनच सांग्यात. मधली बी सांग.”

दादा, सांगावी लागली. ‘चूक माझी होती’ हे आबांचे वाक्य मी इंग्रजीत म्हटले. सांगून झाले तशी सारी सभा उभी राहिली, आणि आबा फेटा सावरत आईशेजारी जाऊन बसले.

असेच आपले म्हणत राहावे.
आपला नवल