भिंतींना गती

१ जून, सकाळ
आजपासून रोज सराव. जाहिरातींसाठी घरांचे आतले फोटो काढायचं काम एजंटबाईंनी ट्रायलवर दिलंय. त्यांच्या मते माझ्यात शिकण्याची तयारी दिसते. त्यांना प्रतिभा म्हणायचं असावं. काम पक्कं झालं की आम्ही भाड्याने राहतो तोच फ्लॅट विकत घ्यायचा. मालक विकायचं म्हणतोय, आणि बायकोचा जीव इथल्या स्वयंपाकघराच्या खिडकीत अडकलाय. तिला म्हटलं, निश्चिंत राहा. तेव्हापासून ती जास्तच काळजीत आहे.

३ जून
घरी सराव. स्टुलावर चढून हॉल टिपला. पडदे बंद, म्हणजे गूढता येते. कॅमेरा जरा तिरका धरला, त्यामुळे भिंतींना गती आली. बायकोने विचारलं, भूकंप कधी झाला. तिला कलेतलं काय कळतंय.

६ जून
पहिलं काम. भाड्याने दिलेला फ्लॅट, मालकाला विकायचाय. आत राहणाऱ्या मावशी तोंड पाडून बसल्या होत्या. घर विकलं गेलं तर त्यांना बाहेर पडावं लागेल. सिंकमधली खरकटी भांडी मी तशीच ठेवली, फोटोत जिवंतपणा हवा. बाथरूममध्ये फ्लॅश मारला. नळ असा चमकला की बाकी काही दिसतच नाही. फोटो बघून मावशींचा चेहरा खुलला. आग्रहाने दोनदा चहा पाजला. रसिक कुठे भेटेल सांगता येत नाही.

७ जून
एजंटबाईंचा फीडबॅक. फोनवर, एका दमात. स्टुलावरून उतरा, कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, छातीच्या उंचीवर ठेवा, भिंती सरळ येऊ द्या, पडदे उघडा, फ्लॅश बंद करा, भांडी आवरा, कमोडचं झाकण लावा. सगळं ऐकून घेतलं. फीडबॅक मोकळ्या मनाने ऐकावा अशा मताचा मी आहे. पाळलाच पाहिजे असं कुठे आहे.

ट्रायपॉड मात्र घेतला. सध्या त्यावर टॉवेल वाळतात.

१९ जून
मावशींनी आणखी दोन भाडेकरूंना माझं नाव सुचवलं. दोघांनीही एजंटबाईंना कळवलं की फोटो काढायला हेच गृहस्थ हवेत. मागणी वाढतेय. एजंटबाई म्हणतात, मी फोटो काढलेलं एकही घर बघायला कोणी येत नाही. बाजारात मंदी असावी.

२ जुलै, संध्याकाळ
मालकाचा फोन. फ्लॅट खरंच विकायला काढला, तोही एजंटबाईंकडेच. बायको रडली. मग डोळे पुसून म्हणाली, फोटो तूच काढ. मी भारावलो. अखेर घरच्यांनाही माझी किंमत कळली, असं म्हणालोसुद्धा. ती म्हणाली, कळली ना. तुझे फोटो बघून घराकडे कुत्रंही फिरकत नाही, म्हणून तर भाडेकरू तुला चहा पाजतात.

जेवलो नाही. म्हणजे पोळीला हात लावला नाही, भात थोडा खाल्ला.

४ जुलै
शांतपणे विचार केला. बायकोची जीभ कडू, पण मुद्दा बरोबर आहे. घर टिकवायचं तर फोटो वाईट यायला हवेत. नेहमीच्या पद्धतीने काढण्यात धोका आहे. मंदी सरली आणि एखादा जाणकार आला तर घर गेलंच. फोटोचं शंभर टक्के मातेरं करायचं तर एकच खात्रीचा उपाय. एजंटबाईंच्या सूचना एकूण एक पाळायच्या.

५ जुलै
कामगिरी फत्ते. पडदे सताड उघडले. ट्रायपॉड, छातीची उंची. भांडी आवरली. भिंती इतक्या सरळ आल्या की बघवेना. कमोडचं झाकणसुद्धा लावलं. संसारासाठी माणसाला काय काय करावं लागतं. बायकोने फोटो दोनदा बघितले. मग म्हणाली, हे नको, स्टुलावरचे पाठव. मी म्हटलं, एकदा तरी माझ्यावर विश्वास ठेव. पाठवून दिले.

९ जुलै
फ्लॅट विकला गेला. जाहिरात लागल्यापासून दाराची बेल थांबली नव्हती. घेणारं जोडपं स्वयंपाकघरात उभं राहून म्हणालं की घर अगदी फोटोतल्यासारखं आहे. एजंटबाईंनी माझं काम पक्कं केलं. इतक्या झपाट्याने सुधारलेला माणूस त्यांनी पाहिला नाही म्हणे.

बायकोला समजावलं की वाईट काढायला गेलो तरी माझ्या हातून चांगलंच उतरतं, त्याला मी काय करणार. ती खिडकीकडे तोंड करून डबे भरत होती. म्हणाली, आजवर गणपती करायला गेलास की मारुती व्हायचा. आयुष्यात एकदाच मला मारुती हवा होता.

खोकी बांधायला सुतळी आणायला चाललोय.