दीपमाळेवरची एरियल

चि. दत्तू,

गेलेल्याच्या नावापुढे 'कै.' लिहावे, हे मीच गावाला शिकवले; तुझ्यासाठी मात्र लेखणी तिकडे वळेना. आज लिहितो आहे, कारण तू जिंकलास! आणि तुला हरवणारा मीच असल्याने हे मीच कळवले पाहिजे.

आठवते? गावात टेलिफोनची तार नाही. साखर कारखान्याशी बोलायचे ते तुझ्या वायरलेस संचावरून. नीरेकाठच्या आपल्या खोलगट भागात तोही मुका होई. तू मला शेतात नेलेस. "अण्णा, लहर सरळ जाती. मधी टेकाड आलं की अडती. आन् वला ऊस तर तिला पिऊनच टाकतो!" दोन पावले सरकलो आणि विझलेला आवाज परत आला. मी हात जोडले, तू हसलास. "चमत्कार न्हाय ह्यो. सरळ आलेली लहर आन् टेकाडावर आपटून आलेली, दोघींचं भांडण हाय. सरकलं की मिटतं."

शब्द हा आकाशाचा गुण, असे देवळात पोथी वाचताना आयुष्यभर सांगणारा मी. त्या आकाशात शब्द थकतोही, हे मला तुझ्याकडून कळावे!

मग तू मागणे मागितलेस: मंदिराच्या दीपमाळेवर एरियल, म्हणजे आवाज उसाच्या डोक्यावरून जाईल. मी पंचांसमोर गरजलो, "दीपमाळेवर दिवाच चढेल!" तू खाली मान घालून निघून गेलास. माझ्याशी भांडला का नाहीस रे?

तू देवाघरी गेल्यावर तोच सल घेऊन मी त्याच पंचांना विनवले, आणि एरियल चढली.

काल कालव्यापाशी उसाची गाडी उलटली; गाडीवानाचा पाय चाकाखाली चिरडला. आता संच सांभाळणारी तुझी लेक सुमन देवळाच्या पायरीवर त्याला पट्टी बांधत होती, म्हणून संच मी घेतला. नमस्कार, गावाचे नाव, अपघात, सारे सविस्तर निवेदन केले. उत्तर नाही! तुझी एरियल फसली असे समजून मी पुन्हा नमस्कारापासून सुरुवात केली.

तोच सुमन ओरडली, "अण्णा, बटण सोडा की! तुमी दाबून धरल्यावर त्यांचं ऐकू कसं यील?"

सोडले. आणि ऊस पुरुषभर उभा असताना, कारखान्यातल्या माणसाचा आवाज अगदी खणखणीत: "पयल्या नमस्कारापासनं ऐकतोय, अण्णा! जीप कवाच निघाली!"

दत्तू, त्याचा पाय वाचला! बारामतीचे डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर कापावा लागला असता.

पंचांच्या वहीतला तो नकार माझ्या हस्ताक्षरात आहे. येत्या पौर्णिमेला साऱ्या गावासमोर त्याखाली एक ओळ लिहीन आणि मोठ्याने वाचेन: 'दत्तूचे खरे होते, मी चुकलो.' हे माझे वचन.

तुझा,
अण्णा